क्रमगुणितांची आलटून-पालटून वजाबाकी : मूळ संख्यांचा आकृतिबंध मांडावा कसा आणि तपासावा कसा

दरवर्षी २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी शाळा-महाविद्यालयांत तक्ते तयार होतात आणि त्यांत पुढील आकृतिबंध हमखास आढळतो.

३! − २! + १! = ५
४! − ३! + २! − १! = १९
५! − ४! + ३! − २! + १! = १०१
६! − ५! + ४! − ३! + २! − १! = ६१९

उजवीकडे येणारी प्रत्येक संख्या मूळ आहे आणि पुढच्या दोन ओळींतही तसेच घडते. तरीही हे तक्ते बहुतेक वेळा चुकीचे असतात. कोठे चिन्हे चुकलेली असतात, कोठे संख्या न तपासताच तिला मूळ म्हटलेले असते, आणि सर्वांत जास्त वेळा खाली «असे पुढे कितीही वेळा घडते» हे खोटे वाक्य लिहिलेले असते. या लेखात हा आकृतिबंध कागदावर कसा उभा करावा, प्रत्येक ओळ हाताने कशी पडताळावी आणि तो नेमका कोठे तुटतो हे कसे शोधावे, याची क्रमवार रीत दिली आहे. भागाकार आणि विभाज्यतेच्या कसोट्या येणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला ती सहज जमेल.

## पूर्वतयारी

चिन्हे. क ही कोणतीही नैसर्गिक संख्या असेल तर क! म्हणजे १ पासून क पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार होय. यालाच क्रमगुणित किंवा शिकवणीच्या भाषेत फॅक्टोरियल म्हणतात. आपल्या आकृतिबंधातील क व्या ओळीचे, म्हणजे क! ने सुरू होणाऱ्या ओळीचे, उत्तर या लेखात अ(क) असे लिहिले आहे, म्हणजे अ(४) = १९. तक्त्यावर आणखी एक पथ्य पाळावे: ज्या वाक्याच्या शेवटी संख्या असेल तेथे उद्गारचिन्ह देऊ नये. «उत्तर आले ५!» असे लिहिले की वाचणाऱ्याने १२० समजावे की ५, हे त्यालाच ठरवावे लागते.

मूळ संख्यांची यादी. २०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आधीच तयार करून समोर ठेवावी. यादी मोजून पाहावी: १०० पर्यंत २५ आणि २०० पर्यंत ४६ मूळ संख्या भरल्या पाहिजेत. या यादीत ९१, ११९, १३३, १४३ किंवा १६१ अशी एखादी संयुक्त संख्या चुकून शिरली तर फक्त एक भागाकार वाया जातो आणि उत्तर बिघडत नाही. याउलट एखादी मूळ संख्या गळाली तर सगळी तपासणी निरर्थक ठरू शकते, कारण नेमकी तीच संख्या विभाजक असू शकते. म्हणून यादीबद्दल शंका असेल तर संख्या काढण्यापेक्षा ठेवणे बरे.

वही. चौकटीची वही घ्यावी आणि क, क!, अ(क), शेवटचा अंक व नऊने भागल्यावरची बाकी असे पाच रकाने आखावेत. शेवटचे दोन रकाने अनेकांना अनावश्यक वाटतात, पण पुढे बहुतेक चुका तेथेच सापडतात.

## टप्पा १ : क्रमगुणितांचा रकाना भरणे

प्रत्येक क्रमगुणित आधीच्या क्रमगुणिताला पुढच्या संख्येने गुणून मिळवावे, दर वेळी १ पासून गुणाकार करू नये. १२ पर्यंतचा रकाना असा येतो:

१! = १
२! = २
३! = ६
४! = २४
५! = १२०
६! = ७२०
७! = ५,०४०
८! = ४०,३२०
९! = ३,६२,८८०
१०! = ३६,२८,८००
११! = ३,९९,१६,८००
१२! = ४७,९०,०१,६००

पडताळणी. ५! पासून पुढे प्रत्येक संख्येच्या शेवटी किमान एक शून्य आणि १०! पासून पुढे किमान दोन शून्ये असली पाहिजेत. ६! पासून पुढे प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली पाहिजे, उदाहरणार्थ ११! मधील अंकांची बेरीज ३६ येते. शिवाय (म − १)! + १ या संख्येला म या मूळ संख्येने नेहमी निःशेष भाग जातो, या विल्सनच्या नियमाचाही येथे उपयोग होतो. १०! + १ म्हणजे ३६,२८,८०१ आणि तिचे अवयव ११ × ३,२९,८९१ असे पडतात, त्यामुळे १०! बरोबर आहे असा भरवसा वाटतो.

सावधान. ०! ची किंमत १ असते हे खरे, पण या आकृतिबंधात ०! घ्यायचे नाही. «पूर्णत्वासाठी» ते जोडणाऱ्यांना ३! − २! + १! − ०! = ४ आणि पुढच्या ओळीत २० मिळते, म्हणजे पहिल्याच ओळीपासून सर्व उत्तरे सम येतात आणि मूळ संख्यांचा प्रश्नच संपतो.

## टप्पा २ : चिन्हे लावणे

नियम एकच आहे: ओळीतील सर्वांत मोठ्या क्रमगुणिताला अधिक चिन्ह द्यावे आणि तेथून खाली उतरताना वजा, अधिक, वजा, अधिक असे आलटून-पालटून लावावे. ओळ १! पासून सुरू करून १! ला नेहमीच अधिक दिले, तर १ − २ + ६ − २४ = −१९ असे ऋण उत्तर येते. संख्येचे मान तेच राहते, परंतु ऋण संख्येला मूळ म्हणण्याची पद्धत नाही. त्यामुळे डावीकडे सर्वांत मोठे क्रमगुणित ठेवून सुरुवात करण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. पहिल्या संख्येतून उरलेल्या सर्वांची बेरीज एकदम वजा केली जाते: १२० − २४ − ६ − २ − १ = ८७. ही संख्या ३ × २९ आहे. विद्यार्थ्याला आकृतिबंधच खोटा वाटू लागतो, पण प्रत्यक्षात त्याने मनातल्या मनात एक कंस जास्तीचा टाकलेला असतो. बरोबर मांडणी १२० − २४ + ६ − २ + १ = १०१ अशी आहे.

## टप्पा ३ : उत्तरांचा रकाना एका वजाबाकीत भरणे

लांब ओळी पुन्हा पुन्हा सोडवण्याचे कारण नाही. ५! ची ओळ नीट पाहिली तर १२० मधून वजा होणारा उरलेला भाग, म्हणजे २४ − ६ + २ − १, हा आधीच्या ओळीचेच उत्तर आहे. म्हणून

अ(क) = क! − अ(क − १)

हे एक सूत्र पुरेसे आहे. १९ हाताशी असेल तर १२० − १९ = १०१, मग ७२० − १०१ = ६१९. या रीतीने रकाना असा भरतो:

अ(३) = ५
अ(४) = १९
अ(५) = १०१
अ(६) = ६१९
अ(७) = ४,४२१
अ(८) = ३५,८९९
अ(९) = ३,२६,९८१
अ(१०) = ३३,०१,८१९
अ(११) = ३,६६,१४,९८१
अ(१२) = ४४,२३,८६,६१९

अ(१) आणि अ(२) या दोन्हींचे उत्तर १ येते. १ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही, म्हणून आकृतिबंध ३ पासूनच सुरू करावा. «पहिल्या ओळीपासून सर्व मूळ» असे लिहिणे चूक आहे.

या सूत्राची एक अडचण लक्षात ठेवावी: एका ओळीतील चूक पुढच्या सर्व ओळींत उतरते. म्हणून प्रत्येक वजाबाकीनंतर, पुढची ओळ लिहिण्यापूर्वी, खालील तीन पडताळण्या करून घ्याव्यात.

पडताळणी १, शेवटचा अंक. ५! पासून क्रमगुणिताच्या शेवटी शून्य असते, त्यामुळे अ(४) पासून उत्तरांचे शेवटचे अंक ९, १, ९, १ असे आलटून-पालटून आलेच पाहिजेत. क सम असेल तर ९ आणि विषम असेल तर १. १० पासून पुढे शेवटचे दोन अंकही ठरून जातात: १९, ८१, १९, ८१.

पडताळणी २, नऊची बाकी. ६! पासून क्रमगुणिते ९ च्या पटीत असतात. १०१ ला नऊने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणून ६१९ ची बाकी ९ − २ = ७, ४,४२१ ची पुन्हा २, ३५,८९९ ची ७, असा क्रम अखंड चालतो. अंकांची बेरीज करून तो पाहता येतो: ३ + २ + ६ + ९ + ८ + १ = २९, मग २ + ९ = ११, मग १ + १ = २. क = ९ साठी २ च हवे होते.

पडताळणी ३, आकारमान. अ(क) ही संख्या क! पेक्षा लहान आणि क! − (क − १)! पेक्षा मोठी असते. ९ साठी ती ३,२२,५६० आणि ३,६२,८८० यांच्या मध्ये पडली पाहिजे.

सावधान. ३,२६,९८१ च्या जागी ३,२९,६८१ असे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर वरच्या तिन्ही पडताळण्या निमूटपणे पार होतात, कारण अंकांची बेरीज बदलत नाही, शेवटचा अंक बदलत नाही आणि आकारमानही मर्यादेतच राहते. हाताने नक्कल करताना ही चूक फार वेळा होते. तिच्यावर उपाय म्हणून लागोपाठच्या दोन उत्तरांची बेरीज करून पाहावी: ३,२६,९८१ + ३५,८९९ = ३,६२,८८०, म्हणजे बरोबर ९!.

## टप्पा ४ : कोणते भाजक आधीच वगळता येतात

बहुतेक मार्गदर्शक लगेच भागाकारांना हात घालतात. मला मात्र हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याने श्रम वाचतातच, शिवाय आकृतिबंध आतून कसा चालतो तेही कळते.

म ही एखादी मूळ संख्या घ्या. म! पासून पुढची सर्व क्रमगुणिते म च्या पटीत असतात, म्हणून त्यांना म ने भागल्यावर बाकी शून्य असते. अ(क) = क! − अ(क − १) या सूत्रात क ची किंमत म किंवा त्याहून मोठी असेल तर पहिल्या पदाची बाकी शून्य झाल्यामुळे नव्या उत्तराची बाकी ही जुन्या बाकीची फक्त उलट बाजू असते: जुनी ३ असेल तर नवी म − ३, त्यानंतर पुन्हा ३. याचा अर्थ असा की अ(म − १) ला म ने भाग जात नसेल, तर त्यापुढच्या कोणत्याही ओळीला म ने कधीच भाग जाणार नाही. प्रत्येक मूळ संख्येला विभाजक म्हणून शिरायला म − १ व्या ओळीपर्यंतचीच संधी असते आणि ती संधी गेली की दार कायमचे बंद होते.

लहान मूळ संख्यांसाठी हे एकदाच तपासून ठेवावे:

२ : अ(१) = १, बाकी १. सर्व उत्तरे विषम.
३ : अ(२) = १, बाकी १. पुढे २, १, २, १.
५ : अ(४) = १९, बाकी ४. पुढे १, ४, १, ४.
७ : अ(६) = ६१९, बाकी ३. पुढे ४, ३, ४, ३.
११ : अ(१०) = ३३,०१,८१९, बाकी ४. पुढे ७, ४, ७, ४.

यावरून अ(७), अ(८), अ(९) तपासताना २, ३, ५ आणि ७ यांना हात लावण्याची गरज उरत नाही. अ(१०) पासून पुढे ११ सुद्धा वगळता येते.

सावधान. ही सूट फक्त म − १ व्या ओळीपासून पुढेच मिळते, आधीच्या ओळींना नाही. अ(५) = १०१ तपासताना ७ ने भागून पाहिलेच पाहिजे, आणि अ(८) तपासताना ११ वगळता येत नाही. सूट सर्वत्र लागू धरणे ही ही रीत नव्याने शिकलेल्यांची नेहमीची चूक आहे.

## टप्पा ५ : वर्गमूळापर्यंत भागाकार

एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. म्हणून भागाकार वर्गमूळापर्यंत करावेत. त्याच्या अलीकडे थांबू नये आणि पलीकडेही जाऊ नये. भागाकार सुरू करण्यापूर्वी मर्यादा वहीत लिहून ठेवावी, नाहीतर कंटाळा येतो तेथे मर्यादा ठरते.

१९ : वर्गमूळ ४ आणि ५ यांच्या मध्ये आहे. २ आणि ३ दोन्ही वगळलेले असल्यामुळे एकही भागाकार न करता १९ मूळ ठरते.

१०१ : मर्यादा १०. वगळल्यानंतर फक्त ७ उरतो, आणि १०१ = ७ × १४ + ३. मूळ.

६१९ : २४² = ५७६ आणि २५² = ६२५, म्हणून मर्यादा २४. ११, १३, १७, १९, २३ यांनी भागल्यावर बाकी अनुक्रमे ३, ८, ७, ११, २१ उरते. मूळ.

४,४२१ : ६६² = ४,३५६ आणि ६७² = ४,४८९, म्हणून मर्यादा ६६. येथे चौदा भागाकार करावे लागतात. बाकी ताडून पाहण्यासाठी खाली दिल्या आहेत.

११ → १०
१३ → १
१७ → १
१९ → १३
२३ → ५
२९ → १३
३१ → १९
३७ → १८
४१ → ३४
४३ → ३५
४७ → ३
५३ → २२
५९ → ५५
६१ → २९

१३ आणि १७ या दोघांची बाकी १ येते, हे पाहून विद्यार्थ्यांना आपली नक्कल चुकली असे वाटते. चूक झालेली नाही. ४,४२० ही संख्या १३ आणि १७ या दोघांच्याही पटीत आहे, एवढेच त्यामागचे कारण आहे.

३५,८९९ : १८९² = ३५,७२१ आणि १९०² = ३६,१००, म्हणून मर्यादा १८९ आणि शेवटचा भाजक १८१. वगळलेले चार भाजक सोडले तर ११ ते १८१ असे अडतीस भागाकार राहतात. एका बैठकीत ते पूर्ण होतात. वर्गात दोघा-दोघांच्या जोड्या करून भाजक वाटून दिले तर दहा मिनिटेही लागत नाहीत. एकानेही निःशेष भाग जात नाही, म्हणून ३५,८९९ मूळ आहे.

पडताळणी. «मूळ» हा शेरा लिहिण्यापूर्वी भागाकारांची संख्या मोजावी. ६१९ साठी पाच, ४,४२१ साठी चौदा आणि ३५,८९९ साठी अडतीस. आकडा जुळला नाही तर यादीतला एखादा भाजक सुटला आहे.

## टप्पा ६ : आकृतिबंध तुटतो ती ओळ

आतापर्यंत ३ ते ८ या सहा ओळी सलग मूळ आल्या. या ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटतो. सहा वेळा घडले म्हणजे सातव्यांदाही घडणारच असे गृहीत धरले जाते, किंवा ३,२६,९८१ ला दहा-बारा भाजकांनी भागून पाहून मूळ असा शेरा मारला जातो.

५७१² = ३,२६,०४१ असल्यामुळे येथे मर्यादा ५७१ आहे, म्हणजे संख्या खरोखर मूळ असती तर ११ पासून एकशे एक भागाकार करावे लागले असते. यासाठी पूर्वतयारीतली यादी ५७१ पर्यंत वाढवण्याची तयारी ठेवावी. ११ ने सुरुवात करून क्रमाने पुढे गेल्यास सतरा भाजक, म्हणजे ७३ पर्यंतचे सर्व, अपयशी ठरतात आणि अठराव्या भागाकाराला उत्तर सापडते:

३,२६,९८१ = ७९ × ४,१३९

५० पर्यंत तपासून थांबणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि यादीत ७९ गळालेला असेल तर शंभर भागाकार करूनही दिसत नाही. ४,१३९ ही संख्याही मूळ आहे, त्यामुळे दुसरा कोणताही लहान भाजक ही चूक उघडकीला आणू शकत नाही.

मोठ्या संख्येचा थेट भागाकार टाळायचा असेल तर फक्त बाकींवर काम करण्याची पुढील रीत वापरावी. क्रमगुणिते पूर्ण लिहायचीच नाहीत, प्रत्येक वेळी ७९ च्या पटी काढून टाकायच्या.

क्रमगुणितांच्या बाकी, १! ते ९! : १, २, ६, २४, ४१, ९, ६३, ३०, ३३
उत्तरांच्या बाकी, अ(१) ते अ(९) : १, १, ५, १९, २२, ६६, ७६, ३३, ०

उदाहरणार्थ ५! = १२०, त्यातून ७९ गेल्यावर ४१ उरतात; पुढे ४१ × ६ = २४६, त्यातून २३७ गेल्यावर ९. खालच्या ओळीत ९ − २२ ऋण येते, म्हणून ७९ मिळवून ६६ लिहायचे. शेवटच्या पायरीला ९! ची बाकी ३३ आणि अ(८) ची बाकीही ३३ अशी गाठ पडते, दोन्ही एकमेकींतून जातात आणि शून्य उरते.

सावधान. ऋण बाकीत भाजक मिळवायला विसरणे ही या रीतीतली एकमेव मोठी अडचण आहे. बाकी नेहमी ० आणि भाजक यांच्या दरम्यान आहे ना, हे प्रत्येक पायरीला पाहावे.

## टप्पा ७ : नवव्या ओळीच्या पुढे जायचे असल्यास

तुटलेला आकृतिबंध पुढे पुन्हा जुळतो. अ(१०) = ३३,०१,८१९ ही मूळ संख्या आहे. मात्र तिची मर्यादा १,८१७ असल्याने ११ पर्यंतचे भाजक वगळूनही २७५ भागाकार उरतात, म्हणून हे काम संगणकावर सोपवणे योग्य.

अकराव्या ओळीचा निकाल मात्र हाताने आणि एका ओळीत लागतो. १,००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे, संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची आलटून-पालटून बेरीज-वजाबाकी केली असता ७, ११ आणि १३ या तिघांची परीक्षा एकदम होते. ३६ | ६१४ | ९८१ या गटांवरून ९८१ − ६१४ + ३६ = ४०३ मिळते, आणि ४०३ = १३ × ३१. म्हणून अ(११) ला १३ ने भाग जातो: ३,६६,१४,९८१ = १३ × २८,१६,५३७.

सावधान. आपल्याकडे लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम पडतात, त्यामुळे ३,६६,१४,९८१ मधील स्वल्पविरामांनाच गट समजून ९८१ − १४ + ६६ − ३ असे करणारे अनेक जण भेटतात. या कसोटीसाठी स्वल्पविराम पुसून तीन-तीन अंकांचेच गट पाडावेत.

१३ ची गोष्ट टप्पा ४ शी ताडून पाहण्याजोगी आहे. १३ ला विभाजक होण्याची मुदत बाराव्या ओळीपर्यंत होती आणि ती संपण्याच्या एक ओळ आधी, अकराव्या ओळीत, तो शिरला. अ(१२) ची बाकी मग १२! च्या बाकीएवढी, म्हणजे विल्सनच्या नियमाप्रमाणे १२ आली आणि तेथून पुढे १३ कायमचा बाहेर पडला. बारावी ओळही संयुक्तच आहे, पण तेथे विभाजक २९ आहे: ४४,२३,८६,६१९ = २९ × १,५२,५४,७११.

यंत्र वापरताना. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर मोठी संख्या पूर्ण मावत नाही आणि ते घातांकाच्या रूपात संक्षिप्त उत्तर देते. त्यातले शेवटचे अंक वापरू नयेत. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये १५ सार्थ अंकांपर्यंतच अचूकता मिळते. सतराव्या ओळीचे उत्तर १५ अंकी असल्याने तेथपर्यंत सर्व ठीक दिसते. अठराव्या ओळीचे खरे उत्तर ६०६६३८२७८६८०९०१९ असे १६ अंकी आहे, परंतु पडद्यावर त्याच्या शेवटी ० दिसते. शेवटचा अंक ९ हवा होता, हे टप्पा ३ मधील पहिली पडताळणी लगेच सांगते. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांक कितीही अंकी असला तरी तो अचूक ठेवला जातो, म्हणून यापुढचे काम तेथे करावे.

## टप्पा ८ : शेजारचे आकृतिबंध जोडायचे असल्यास

तक्त्यावर जागा उरली की क! + १ आणि क! − १ यांच्या ओळी जोडण्याचा मोह होतो. जोडण्यास हरकत नाही, पण तपासणीचा नियम येथे वेगळा आहे. क! ± १ ला क पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून भागाकार क च्या पुढच्या मूळ संख्येपासून सुरू करावेत. शिवाय दोन भाजक आधीच हाती असतात: क + १ मूळ असेल तर तो क! + १ ला भागतो, आणि क + २ मूळ असेल तर तो क! − १ ला भागतो. त्यामुळे ६! + १ = ७२१ = ७ × १०३ आणि ५! − १ = ११९ = ७ × १७ हे न शोधताच मिळते. ३! + १ = ७, ३! − १ = ५, ४! − १ = २३, ६! − १ = ७१९, ७! − १ = ५,०३९ या मूळ संख्या आहेत, तर ८! + १ = ६१ × ६६१ आणि ८! − १ = २३ × १,७५३ या संयुक्त.

याच ओळींत ४! + १ = ५², ५! + १ = ११² आणि ७! + १ = ७१² असे तीन पूर्ण वर्ग येतात. ते लिहिताना मधल्या ६! ला विसरू नये, ७२१ हा वर्ग नाही. असे आणखी वर्ग आहेत का, हा प्रश्न आंरी ब्रोकार यांनी १८७६ साली आणि स्वतंत्रपणे श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ साली विचारला होता. चौथा वर्ग आजवर सापडलेला नाही आणि तो नाहीच असेही सिद्ध झालेले नाही, म्हणून तक्त्यावर «फक्त तीनच» असे न लिहिता «माहीत असलेले तीन» असे लिहावे.

## टप्पा ९ : तक्त्याखालचे वाक्य

येथे प्रत्येक शब्द मोजून लिहावा. ३ ते ८ या सहा ओळींची उत्तरे मूळ आहेत; नववी ओळ ३,२६,९८१ = ७९ × ४,१३९ असल्यामुळे आकृतिबंध तुटतो; त्यानंतर १०, १५, १९, ४१, ५९, ६१ या ओळींत पुन्हा मूळ संख्या येतात. नववी ओळ वगळून आठव्या ओळीवर तक्ता संपवू नये. ती लाल शाईने, अवयवांसह लिहावी.

«अशा मूळ संख्या अनंत आहेत» हे वाक्यही लिहू नये, कारण ते असत्य असल्याचे सिद्ध झालेले आहे. मिओद्राग झिव्होविच या सर्बियन गणितज्ञाने १९९९ साली दाखवून दिले की ३६,१२,७०३ ही मूळ संख्या अ(३६,१२,७०२) ला निःशेष भागते. टप्पा ४ मधली बाकीची उलटापालट आठवली की याचा परिणाम लगेच कळतो: मुदतीच्या अगदी शेवटच्या ओळीला बाकी शून्य आली, आणि शून्याची उलट बाजूही शून्यच असते, म्हणून त्यापुढच्या प्रत्येक ओळीला ३६,१२,७०३ ने भाग जातो आणि त्यांपैकी एकही मूळ असू शकत नाही.